पत्ता: मु. पो. कोरीट

शेअर्ड ऑफिसच्या दारावर एकोणीस पाट्या होत्या. त्यांत माझी नव्हती. आत सहा टेबलं, अकरा खुर्च्या, खिडकीत चार कुंड्या. चारही कुंड्यांत मिळून नुकतीच भरलेली काळी माती, अंदाजे दीड किलो. ती कळसाडीच्या धनसिंगकाकांच्या शेतातली होती.

माझी माती परीक्षणाची प्रयोगशाळा कोरीटला, घराशेजारच्या खोलीत. पण खेड्यातला पत्ता पाहून कोण येईल, असं वाटून मी ऑनलाइन नकाशावर नंदुरबारच्या या ऑफिसचा पत्ता दिला होता. तिथे मी कधी बसतच नव्हते. काका तीन पिशव्या टेबलावर ठेवून गेले. तिथल्या मुलीला वाटलं, कुंड्यांसाठी कुणीतरी माती पाठवली.

काकांचा फोन आला. "ताई, ऊस लावाले आठ दिन ऱ्हायनात. आठ जागा खंदीसन माटी काढी, सावलीमा वाळाडी. नि तुम्हीन तिन्हामा तुळस लाई दिधी?"

"काका, चूक मन्ही शे."

"ऱ्हाऊ द्या. आते शहाद्याना लॅबमा देसू."

घरी आले तेव्हा आई भेंडी चिरत होती. सगळं ऐकून म्हणाली, "मशीन आठे, तू आठे, नि पत्ता तठे? लपी ऱ्हायनी का?"

मी नकाशावरचा पत्ता बदलला. पडताळणीसाठी सलग व्हिडिओ हवा होता: रस्ता, पाटी, कुलूप उघडताना मालक, आतली उपकरणं. आईने पाटी रंगवून आणली. 'कामिनी माती परीक्षण केंद्र'पेक्षा 'कोरीट' मोठं होतं. व्हिडिओ काढताना ती डोक्यावर पदर घेऊन पाटीखाली उभी राहिली.

"आई, थोडी बाजूला हो."

"काबर? दिसू दे लोकेसले, कोन्ही पोर शे ते."

तसाच पाठवला. तिसऱ्या दिवशी नोंद मंजूर झाली. काकांना नकाशाची लिंक पाठवली.

पाचव्या दिवशी सकाळी दारात मोटारसायकल थांबली. काकांनी पुन्हा आठ जागा खणल्या होत्या.

"मोबाईलमधली बाई बराबर दारशी लई उनी," ते म्हणाले. "पन बेटा, आते तुन्हाच हातमा दी ऱ्हायनू."

आईने त्यांना खुर्ची दिली, पीएच मीटर दिसेल अशी. मी माती चाळली, वीस ग्रॅम तोलली, पन्नास मिलीलिटर शुद्ध पाणी घालून अर्धा तास ढवळत ठेवली.

सामू, म्हणजे पीएच, ७.९. किंचित अल्कधर्मी, पण उसाला चालणारा.