गुरुवारपुरतं

तनुजाला बोलतं करायला सुलेखाला दोन वर्षं लागली, आणि आता तिला गप्प करायचं कामही तिच्याच गळ्यात पडलं.

सुलेखा फुलंब्रीच्या शाळेत चौथीच्या पोरांना भागाकार शिकवायची आणि रविवारी उपासना सुटली की छावणीतल्या चर्चमागच्या खोलीत कन्फर्मेशनचा वर्ग घ्यायची. तान्हेपणी बाप्तिस्मा झालेलं मूल मोठं झाल्यावर बिशपसमोर उभं राहतं आणि हा विश्वास आता माझा आहे, असं स्वतःच्या तोंडानं सांगतं; त्याची ही तयारी. वर्गात सहा जण होते. त्यातले पाच बिस्किटांसाठी येतात, असं पाळकसाहेब हसत म्हणायचे आणि ते फारसं खोटं नव्हतं. सहावी तनुजा. आली तेव्हा अकरावीला होती, पण नाव विचारलं तरी चपलांकडं बघत सांगायची.

एकदा वर्ग सुटल्यावर ती मागं थांबली आणि रडायलाच लागली. कॉलेजात कुणी विचारलं, तुमच्यात कोणता सण असतो, की तिची बोबडी वळायची. वस्तीत त्यांना चर्चवाले म्हणायचे, दाखल्यावर भलतंच लिहिलेलं. "मग मी हाय तरी कोण, मॅडम?" असं तिनं विचारलं. सुलेखानं तिला जवळ घेतलं. "देवानं तुला नावानं हाक मारलीय. मान वर करून बोलायचं. तू कोण आहेस ते कुणापुढंही लपवायचं नाही." पोरगी हे शब्द अक्षरशः पिऊन गेली. वर्षभरात ती उपासनेत मोठ्यानं प्रार्थना करायला लागली, कॉलेजच्या मैत्रिणींना नाताळला घरी घेऊन आली. सुलेखाला तिचा अभिमान वाटायचा. गर्वच म्हणा ना.

आणि सोमवारी संध्याकाळी तनुजाचा बाप बन्सी दारात येऊन उभा राहिला. वाळूजच्या एका कंपनीत वॉचमन होता, दोन घरं सोडून राहायचा. बस म्हटलं तरी बसला नाही.

"बाई, गुरुवारी जात पडताळणीचा साहेब येतोय घरी चौकशीला. आमच्या म्हाताऱ्याचा दाखला मिशनच्या शाळंचा निघाला, तिथं अडकलं."

पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. कागदावर ते घर हिंदू मातंग होतं. ख्रिस्ती झाल्याचं दिसलं की अनुसूचित जातीची सवलत जाणार, आणि तिच्याबरोबर तनुजाची नर्सिंगची जागाही. वस्तीतल्या निम्म्या घरांचं हेच होतं, रविवारी एक आणि कागदावर दुसरं. त्याला कुणी खोटं म्हणत नसे. सगळे नुसतं 'कागद' म्हणायचे.

"घर आवरलं आम्ही. पर पोरगी म्हणती, साहेबानं इचारलं तर खरं तेच सांगीन. मॅडमनी शिकिवलंय म्हणती. आता तुमीच सांगा तिला. गुरुवारपुरतं."

सुलेखाला धर्मावर पुष्कळ बोलता आलं असतं. पण तिच्या स्वतःच्या सर्व्हिस बुकातही हिंदू मातंगच लिहिलेलं होतं. सव्वीस वर्षांपूर्वी गंगापूरला त्यांच्याही घरी असाच साहेब आला होता. तेव्हा आईनं पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, फडक्यात गुंडाळून ज्वारीच्या कोठीत पुरलं होतं. वर्गात सुलेखानं पेत्रापासून पौलापर्यंत सगळ्या प्रेषितांच्या गोष्टी सांगितल्या, ही तेवढी कधी सांगितली नाही.

बुधवारी ती बन्सीच्या घरी गेली. भिंतीवर बायबलमधल्या वचनाच्या फ्रेमच्या जागी शहराजवळच्या सातारा गावच्या खंडोबाचा कोरा करकरीत फोटो होता. तनुजाची आई सरिता मेथी निवडत होती, तिनं मान वर केलीच नाही.

"गप बस म्हणून सांगायला आलात ना मॅडम?" तनुजानं विचारलं.

"हो."

"मग तुम्ही शिकवलं ते?"

सुलेखा तिच्यासमोर खाली बसली. "माझ्याही कागदावर हिंदू मातंगच आहे, तनुजा. माझी नोकरी त्याच्यावरच आहे."

पोरगी रागावली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे तुम्ही रोजच गप असता?"

"रोजच."

"मग मी एक दिवस बसते," तनुजा म्हणाली. ती सुलेखाची समजूत काढत होती, आणि सुलेखाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

गुरुवारी आलेला साहेब भला माणूस निघाला. त्यानं दारात बूट काढले, चहा घेतला, तनुजाला अभ्यासाचं विचारलं. मग फाईल उघडून म्हणाला, "तुमचं कुलदैवत कोणतं, बाळा?"

"साताऱ्याचा खंडोबा," तनुजा म्हणाली. मान वर करून, स्पष्ट, ज्या आवाजात ती प्रार्थना करायची त्याच आवाजात. तो आवाज सुलेखानं दोन वर्षं घडवला होता.

मग शेजाऱ्याचा जबाब हवा होता; बन्सीनं सुलेखाला त्यासाठीच बोलावून बसवलं होतं. साहेब म्हणाला, "तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या शब्दाला वजन आहे. ही माणसं चर्चला जातात का?"

"नाही," सुलेखा म्हणाली आणि तिनं सही केली. ती नेहमीसारखीच वळणदार आली, याचीच तिला किळस आली.

महिन्याभरात प्रमाणपत्र आलं. बन्सीनं पेढे वाटले, सुलेखाच्या घरी दोन जास्त दिले. तनुजा मात्र त्यानंतर वर्गात यायची, पुस्तक उघडायची आणि काही विचारायची नाही. कन्फर्मेशनला ती येणारच नाही, असं सुलेखानं धरून ठेवलं होतं. खरं सांगायचं तर तिला ते सोयीचंही वाटलं असतं.

पण बिशपसाहेब आले त्या रविवारी तनुजा आली. पांढरी ओढणी डोक्यावर घेऊन रांगेत शेवटी उभी राहिली. रीतीप्रमाणे सुलेखा पोरांच्या मागं उभी होती. बिशप एकेकाला विचारत पुढं सरकत होते. वर्गातल्या अभयनं तर प्रश्न संपायच्या आतच "होय, करतो" म्हणून टाकलं, पुढच्या बाकावर हसू फुटलं.

"येशू ख्रिस्त तुझा प्रभू आहे, हे तू या सर्वांसमोर कबूल करतेस का?"

तनुजा बोलली नाही. बिशपना वाटलं, पोर बुजली. त्यांनी मायेनं प्रश्न पुन्हा विचारला. बन्सी बाकावरून अर्धा उठला. तनुजानं मान वळवली आणि सुलेखाला अगदी हळू विचारलं,

"मॅडम, इथं काय सांगायचं?"

टोमणा असता तर सुलेखानं सोसला असता. पोरगी खरोखरच विचारत होती.