चापावरचे बोट

पेनहेलच्या बंदुकांच्या दुकानात शिरताना व्हिएनोने घोंगडीत गुंडाळलेली रायफल अशी उराशी धरली होती, जणू आजारी पोर दवाखान्यात आणले आहे. तिच्यामागून तिचा धाकटा भाऊ आर्नी बुटांवरचा बर्फ झाडत आला आणि दारातूनच ओरडला, "पेनहेल, ताईला नवीन रायफल दाखव बाबा. हिची जुनी आता गोळी मारत नाही, नुसती टिचकी मारते."

पेनहेल काउंटरमागे उभ्या उभ्या मांस-बटाट्याची पेस्टी खात होता. सत्तरी उलटलेला, काटकुळा, बोलण्यात कंजूष माणूस. त्याने बोटे ॲप्रनला पुसली.

"किती वेळा?"

"गेल्या वर्षी. लागोपाठ दोनदा," व्हिएनो म्हणाली.

"आणि समोर आठ टोकांच्या शिंगांचा नर!" आर्नीला राहवले नाही. "चाळीस पावलांवर. पहिली टिचकी झाली तर ही बाई काय करते? तीस आकडे मोजते!"

"बाबांनी शिकवलंय तसं. काडतूस उशिरा पेटलं तर हातात फुटतं."

"बरोबर केलंत," पेनहेल म्हणाला.

"बरोबर काय! एवढा वेळ ते हरीण उभं राहिलं. खुर्ची तरी द्यायचीस त्याला. मग दुसरं काडतूस भरलं, पुन्हा टिचकी. मग कंटाळून गेलं बिचारं."

व्हिएनो हसली. वर्षभर ती हे ऐकत आली होती आणि दर वेळी हसत होती, कारण हसले की पुढे कोणी काही विचारत नसे.

विचारले असते तर तिला सांगावे लागले असते, की गेल्या दीड वर्षापासून तिच्या उजव्या हाताचे चाप ओढायचे बोट बधिर होते. घरात फारसे जाणवत नसे. पण थंडीत ते बोट जणू दुसऱ्याचेच होई. स्कूलबसची किल्ली फिरवताना ती नजरेने बघून फिरवायची. डॉक्टर म्हणाले होते, मानेतली शीर आहे, वयाप्रमाणे असे होते. गेल्या नोव्हेंबरच्या त्या पहाटे उणे पंधरा अंशांत तिने चाप ओढला होता की नुसता ओढल्यासारखे वाटले होते, की अर्धाच ओढला होता, हे तिचे तिलाच सांगता येत नव्हते. उन्हाळ्यात वाळूच्या खाणीत जाऊन तिने त्याच रायफलीने वीस गोळ्या मारल्या. वीसच्या वीस उडाल्या. म्हणजे रायफल चांगली होती. मग उरले कोण?

तिच्या मनात सारखा वाइनोकाका येई. डोळे गेल्यावर शिकारीच्या कॅम्पवर त्याला कोणी काही बोलले नव्हते. फक्त पहाटे सगळे जंगलात निघत, तेव्हा त्याच्यापुढे बटाट्याचे पोते आणि सुरी ठेवत. पुढची सहा वर्षे काका शेगडीपाशी बसून बटाटे सोलत होता. चांगले सोलायचा.

तेव्हा ती नवीन रायफल घ्यायला आली होती हे खरे. पण त्याआधी तिला एक गोष्ट जाणून घ्यायची होती आणि ती विचारायची कशी हे तिला कळत नव्हते.

"ही बघ," आर्नीने भिंतीवरची सगळ्यात जाडजूड रायफल खुणेने मागितली. "हिने हत्तीसुद्धा झोपेल."

"कॅम्पवर हत्ती फार झालेत का रे?"

"अगं, जोर पाहिजे जोर."

पेनहेलने मुकाट्याने ती काढून दिली. व्हिएनोने खांद्याला लावली. नळीचे टोक हळूहळू खाली झुकू लागले.

"सलाम करतेय वाटतं तुला," ती आर्नीला म्हणाली आणि परत दिली.

मग पेनहेलने काउंटरवर जुन्या गालिच्याचा तुकडा अंथरला आणि तीन रायफली एकामागून एक मांडल्या. प्रत्येकीचा बोल्ट ओढून, आत काडतूस नाही हे आधी स्वतः पाहिले, मग तिला दाखवले. तीस वर्षे बस चालवलेल्या बाईला यंत्राच्या आवाजावरून बरेच कळते. व्हिएनो प्रत्येक बोल्ट मागेपुढे करून कान देत राहिली. एक खरखरला. एक तेलातून घसरल्यासारखा गेला. तिसरा मध्ये किंचित अडला, मग सुटला.

"हा का अडतो?"

"नवा आहे. शंभर वेळा ओढलात की सुटेल."

"आणि हा खालचा स्क्रू कशाचा?"

पेनहेलने सांगितले. मग तिने दुर्बिणीची बैठक विचारली, मग दस्ता लाकडाऐवजी प्लास्टिकचा घेतला तर थंडीत गालाला कसा लागतो ते. आर्नी स्टुलावर बसून पेस्टीकडे बघू लागला.

"डोळे मिटा," पेनहेल म्हणाला. "मिटल्या डोळ्यांनी खांद्याला लावा, गाल टेकवा, मग उघडा. काय दिसतं ते सांगा."

पहिल्या रायफलीच्या दुर्बिणीत काळोखी चंद्रकोर दिसली. दुसरीत त्याहून मोठी. तिसरी लावली आणि डोळे उघडले, तर समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर दुर्बिणीच्या ऐन मध्यावर होते, चारही बाजूंनी लख्ख. व्हिएनोने रायफल खाली घेतली, पुन्हा डोळे मिटले, पुन्हा लावली. पुन्हा कॅलेंडर.

"ही कशी काय?"

"दस्ता आखूड आहे हिचा. तुमच्या हातांना बेताचा. जुनी कोणाची?"

"बाबांची. नऊ वर्षं झाली माझ्याकडे येऊन."

"बाबा उंच होते?"

"दारात वाकून यायचे," आर्नी म्हणाला.

पेनहेलने मान हलवली. "जुनी बघू."

व्हिएनोने घोंगडी सोडली. मग कोटाच्या आतल्या खिशातून एक रुमाल काढला आणि त्यात बांधलेली दोन काडतुसे गालिच्यावर ठेवली. त्या पहाटे हरीण गेल्यावर तिने गुडघे टेकून ती बर्फातून शोधून काढली होती.

आर्नी स्टुलावरून उठला. "तू ही जपून ठेवलीस? फेकली म्हणालीस ना?"

"फेकली म्हणाले. फेकली नाहीत."

पेनहेलने डोळ्याला भिंग लावले आणि काडतुसांची बुडे एकेक करून पाहिली.

"पिन आपटल्याची खूण आहे," तो म्हणाला.

"दिसते मला. पण हलकी आहे ना?" व्हिएनो काउंटरवर वाकली. "म्हणजे, मला विचारायचं होतं, चाप जर कोणी नीट ओढला नाही... हळू ओढला, अर्धवट ओढला... तर अशी हलकी खूण पडते का?"

पेनहेलने भिंग काढून तिच्याकडे पाहिले. हा प्रश्न आपल्याला पुष्कळ वर्षांनी कोणी विचारला, असे काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर होते. तो आत गेला आणि उंदराचा एक सापळा घेऊन आला. त्याची तार ताणून अडकवली. पेन्सिलीच्या टोकाने आतली पट्टी हळूच दाबली. खाड! पुन्हा ताणली आणि पट्टीवर पेन्सिल जोरात मारली. खाड!

"आवाजात काही फरक?"

"नाही," व्हिएनो म्हणाली.

"उंदराचं नाक लागो नाहीतर पाय, तार तेवढ्याच जोरानं येते. चाप फक्त सोडतो. मारते ती स्प्रिंग. खूण पडली म्हणजे तुम्ही चाप पुरता ओढला होता. दोन्ही वेळा."

व्हिएनोने एक काडतूस उचलून त्याचे बूड पाहिले. "दोन्ही वेळा?"

"दोन खुणा आहेत ना. पुढचा दोष तुमचा नाही, हिचा आहे."

त्याने जुन्या रायफलीचा बोल्ट काढला, पकडीत धरून पिळला आणि आतली पिन स्प्रिंगसकट बाहेर ओढली. ती यायला तयार नव्हती. आली तेव्हा तिच्यावर तांबडाकाळा चिखल होता, गंज आणि जुने तेल एकजीव झालेले. पेनहेलने त्यातला थोडा चिमटीत घेऊन बोटांवर पसरला.

"उन्हाळ्यात हे पातळ असतं. पिन जाते. थंडीत याचं डांबर होतं. पण एवढा गंज..." तो घुटमळला. "बाई, रायफल ठेवता कुठे?"

"नीट ठेवते हो! जंगलातून आले की पुसते, तेल घालते, आणि शनिवारी सौनाच्या न्हाणीघरात सुकायला टांगते. बाबा टांगायचे तशी."

"सौनात? आतल्या खोलीत, दगडांपाशी?"

"दगडांपाशी कशी टांगेन? बाहेरच्या खोलीत, कपडे बदलतो तिथे. सकाळीच टांगते, म्हणजे दिवसभर ऊब मिळते."

"आणि मग तिथे माणसं अंघोळ करतात? दगडांवर पाणी मारतात?"

"शनिवार असतो ना!"

पेनहेल कॉर्निश, म्हणजे मुळच्या इंग्रज घरातला; फिनिश लोकांच्या सौनातले, तापल्या दगडांवर पाणी मारून वाफेत बसण्यातले, त्याला फारसे कळत नव्हते. पण आर्नीने कपाळाला हात लावला.

"ताई. अगं ताई. बाबा सगळ्यांच्या अंघोळी झाल्यावर टांगायचे!"

"काहीतरीच. मी स्वतः पाहिलीये तिथे."

"कधी पाहिलीस?"

"रविवारी सकाळी. टॉवेल आणायला आई मला पाठवायची. खुंटीला असायची, चांगली कोरडी, उबदार."

"रविवारी सकाळी! आपल्याकडे बायका-पोरी आधी न्हायच्या आणि झोपायला जायच्या. पुरुष मागून. मी बाबांबरोबर शेवटी असायचो. शेवटचं पाणी मारून झालं, की बाबा दोन्ही दारं सताड उघडून वाफ घालवायचे. तासभर आम्ही पायरीवर बसायचो. मग रायफल. निवत्या चुलीच्या सुक्या उबेत." तो थांबला. "तू नऊ वर्षं बाबांची रायफल वाफवतेयस."

पन्नास वर्षांपूर्वीचा तो शनिवार व्हिएनोच्या डोळ्यांपुढे उलटा उलगडला. आपण गोधडीत, आणि बाहेर उघड्या दारातून निघालेली वाफ, आणि पायरीवर हे दोघे. तिला ते कधी माहीतच नव्हते.

"मला सांगायचं नाहीस?"

"तू विचारलं नाहीस! मला काय माहीत तुला माहीत नाही ते!"

"तासभर पायरीवर काय करायचात?"

"काही नाही. बाबा बिअर प्यायचे. मला एक घोट द्यायचे."

"आईला ठाऊक होतं?"

"तुला ठाऊक नव्हतं, मग आईला कसं असेल?"

पेनहेल खोकला. "पिन घासून काढतो. स्प्रिंग नवी घालतो. परवा संध्याकाळी न्या. आणखी वीस वर्षं चालेल."

"झालं तर मग!" आर्नी टोपी उचलत म्हणाला. "नवीन कशाला हवी? चल, कॉफी पाज."

खरेच, आता नवीन घ्यायचे कारण उरले नव्हते. रायफल सुधारणार होती. बोट निर्दोष सुटले होते. काही न बोलता घरी जाता आले असते. व्हिएनो घोंगडीची घडी घालू लागली. एक घडी घातली, दुसरी घातली, आणि थांबली. कारण बोट निर्दोष सुटले होते, बरे झाले नव्हते. त्या पहाटे आपण चाप ओढला होता हे तिला आज कळले, एका म्हाताऱ्याने भिंग लावून सांगितल्यावर. पुढच्या वेळी कोण सांगणार होते?

"मिस्टर पेनहेल," ती म्हणाली, "माझं हे बोट बधिर आहे. दीड वर्ष झालं. थंडीत चाप लागतोय की नाही तेसुद्धा कळत नाही."

आर्नीची टोपी हातातच राहिली.

"म्हणून मला अशी हवी, की सुटताना मला कळेल. अशी असते का? नसेल तर तसं सांगा. मी बटाटे सोलेन."

"कोण बटाटे सोलायला सांगतंय तुला?" आर्नी एकदम चिडून म्हणाला. "गेल्या वर्षी सोललेस ते आठवतंय. निम्मा बटाटा सालीत."

"तू गप्प बस जरा," पेनहेल म्हणाला. पेनहेलने दार उघडले, बाहेर कठड्यावर साचलेल्या बर्फाकडे बोट दाखवले. "हात त्यात घाला. मी पुरे म्हणेपर्यंत ठेवा."

ती परत आली तेव्हा बोट पांढरेफटक पडले होते. पेनहेलने रिकाम्या रायफली पुन्हा एकेक करून तपासल्या आणि भिंतीच्या दिशेने वाळूच्या पोत्यांवर टेकवल्या. मग गल्ल्यातून पाव डॉलरचे नाणे काढून पहिल्या रायफलीच्या नळीच्या टोकावर आडवे ठेवले.

"चाप ओढा. नाणं पडता कामा नये. आणि सुटेल त्या क्षणी 'हो' म्हणा. आवाज ऐकून नाही, त्याच्याबरोबर."

बाबांच्या रायफलीचा बोल्ट काढलेला होता, पण तो चाप तिच्या ओळखीचा होता. लांबलचक, खरखरत येणारा. कुठे सुटेल ते सुटल्यावरच कळे. पहिल्या नव्या रायफलीचा चाप त्याहून हलका, पण स्पंजात बोट घातल्यासारखा. 'खट' झाले, नाणे खाली पडले आणि मग ती "हो" म्हणाली. दुसरीचा चाप इतका हलका, की ती तयार व्हायच्या आतच सुटला.

"ही नको," ती घाबरून म्हणाली.

"नकोच," पेनहेल म्हणाला.

मग आखूड दस्त्याची. बोट टेकले, ते तिला दिसले, जाणवले नाही. तिने ओढले. काही हलले नाही. आणखी ओढले, तर पुढे एक भिंत लागली, कडक, काचेसारखी. आणि ती भिंत तिला बोटात कळली नाही, तळव्यात कळली, मनगटाजवळ, जिथे तिचा हात अजून तिचा होता. ती भिंतीपाशी थांबली. श्वास सोडला. आर्नीनेही सोडला.

"हो," ती म्हणाली, आणि त्याच क्षणी खट झाले.

नाणे जागचे हलले नव्हते.

"पुन्हा," पेनहेल म्हणाला.

पाच वेळा झाले. पाचही वेळा "हो" आणि खट एकत्र. चौथ्या वेळी नाणे थरथरले आणि पडले नाही.

"हीच," व्हिएनो म्हणाली. "आणि बाबांचीही दुरुस्त करून ठेवा."

पेनहेल सरकारी फॉर्म आणायला आत गेला. आर्नी पुढे झाला, नळीवरचे नाणे त्याने अलगद उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि खिशात टाकले.

"आर्नी," आतून आवाज आला, "ते माझं आहे."