जिन्यातली माझी जागा

मी एक जुनी, घडीची खुर्ची आहे, मित्रांनो, आणि माझा पत्ता म्हणाल तर दुसऱ्या मजल्यावरचं जिन्याचं वळण. शिलाईमावशींच्या सुतार भावाने उरल्यासुरल्या फळ्यांतून मला घडवलं आणि बिजागऱ्यांनी भिंतीला बसवलं. कुणी बसताना उघडायचं आणि उठल्यावर भिंतीला चिकटायचं, एवढंच माझं काम.

मावशी तिसऱ्या मजल्यावर राहतात, घरीच कपडे शिवतात. त्यांची फुप्फुसं अधू आहेत. बऱ्या दिवसांत त्या भराभर चढतात, पण वाईट दिवसांत माझ्यापर्यंत पोहोचता पोहोचता ओठ निळे पडतात. तरी कुणाची चाहूल लागली, की अंगात त्राण असेल तेव्हा चटकन उठून माझ्यावरची धूळ पुसायचं नाटक करायच्या. मला फार वाईट वाटायचं. धूळ असायचीच कुठे?

इमारतीच्या सेक्रेटरींच्या डोळ्यांत मी खुपत होते. "बाई चांगल्या धडधाकट आहेत. काठी नाही, कुबडी नाही. कसलं आलंय अपंगत्व?" असं म्हणत त्यांनी मला काढायचं ठरवलं. मी गेले असते तर मावशींना हे घरच सोडावं लागलं असतं, आणि गिऱ्हाइकं तर सगळी इथलीच. शेवटी मावशींनी अपंगांच्या हक्कांसाठीच्या सरकारी कार्यालयात तक्रार केली आणि चौकशीला तिथल्या एक अधिकारी बाई आल्या.

आता त्या दिवशी मावशींनी काय करावं? परक्या माणसासमोर दुखणं कसलं दाखवायचं, म्हणून इस्त्रीचे कपडे घालून, हसत हसत, मला ओलांडून तडक वर! माझा जीव टांगणीला लागला.

सेक्रेटरींना आकाश ठेंगणं झालं. "बघितलंत? आणि एरवी इथेच ठाण मांडून बसलेल्या असतात. धापा काय टाकतात! आमच्या हिला पाणी आणून द्यावं लागतं. वर्षानुवर्षं हाच वैताग!"

अधिकारी बाई लिहिता लिहिता थांबल्या. "वर्षानुवर्षं?"

"तर काय! आठवड्यातून तीन-चारदा तरी."

"मग तुम्हीच माझं काम सोपं केलंत, साहेब. कायदा कुबडी शोधत नाही. रोजच्या कामात माणूस अडतो का, आणि ते किती काळ चाललंय, एवढंच विचारतो. मधले काही दिवस बरे गेले, तरी त्याने फरक पडत नाही. खुर्ची राहील."

सेक्रेटरींचा चेहरा खर्रकन उतरला. वरून मावशी कठड्याला धरून हळूहळू खाली आल्या आणि सगळ्यांदेखत माझ्यावर बसल्या. "आज जरा जास्तच ऐट केली," त्या धापा टाकत म्हणाल्या. माणसं समोर उभी होती, तरी उठल्या नाहीत. मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

मित्रांनो, धडधाकट दिसणारं कुणी जिन्यात थांबलेलं दिसलं, तर त्याला आधी बसायला द्या. काय होतंय ते मग विचारा.