ताडावरचा माणूस

दीपिकाने पातेलं पुन्हा फरशीवर सोडलं आणि फोन कानाशी नेऊन त्यात रेकॉर्ड झालेला आवाज ऐकला. पातेलं नुसतं वाजत होतं. आपटलेला माणूस त्यात ऐकू येत नव्हता.

"त्या पातेल्यानं तुजं काय घोडं मारलंय गो?" मंगळी चुलीपासून ओरडली.

"आये, पिक्चरसाठी लागतं."

मंगळीने कपाळाला हात लावला. मुलगी बोईसरच्या क्लासला कार्टून शिकायला जाते, इथवर तिने मान्य केलं होतं. त्यासाठी घरातली भांडी चेपून घ्यावी लागतात, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

क्लासच्या शेवटी प्रत्येकाने एक छोटी फिल्म करायची होती. दीपिकाने ताडी काढणारा माणूस घेतला. तो दोरी धरून झाडावर चढतो, मडकं सोडवतो आणि दोरी तुटते. पण तो लगेच पडत नाही. हवेतच चार पावलं चालतो, थांबतो, खाली बघतो, मग आपल्याकडे बघतो आणि त्यानंतर कुठे धाडकन खाली! सगळी गंमत त्या थांबण्यात होती. थांबणं लांबलं की हसू विरून जाई, आखडलं की नुसता अपघात दिसे. ते जमवताना तिच्या नाकी नऊ आले. कच्ची फिल्म बघून वर्गातले सगळे पोट धरून हसले तेव्हा तीही हसली, आणि घरी उमरोळीला येताना रिक्षात तिला रडू आलं.

कारण तिचा बाप सुका खरोखरच ताडावरून पडला होता. दोरी तुटली, मांडीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण माणूस काही सावरेना. वर्ष झालं, तो ओट्यावरच्या बाजेवर भिंतीकडे तोंड करून पडून असे. घरात पडण्याचं नाव कोणी काढत नसे. झाडावरचा आंबासुद्धा 'खाली आला' म्हणायचे. अशा बापाच्या पडण्यावर जगाला हसवायचं? फिल्म उद्या द्यायची होती. तो दुखावला तर द्यायचीच नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं आणि फोन घेऊन ओट्यावर गेली.

"बाबा, हे बग. नको वाटलं तर सांग, पुसून टाकीन."

सुकाने फोन हातात घेतला. माणूस चढला, थांबला, पडला. मडक्याचे तुकडे उडाले. मंगळी दारात येऊन उभी राहिली.

"परत लाव."

दीपिकाने परत लावलं.

"हे चुकलं," तुकड्यांवर बोट ठेवत सुका म्हणाला. "मडकं फुटलं नाय."

"म्हंजे?"

"मी असं धरलेलं." त्याने दोन्ही हात पोटाशी घट्ट आवळून दाखवले.

दीपिका त्या हातांकडे बघत राहिली.

"दोनी हातांनी? मग दोरी कशानं धरलेलीस?"

सुकाने दाराकडे पाहिलं, मंगळीकडे पाहिलं, मग स्वतःच्या पायाकडे.

"दोरी तुटली बोललास ना तू?" मंगळीने विचारलं.

"तुटली नाय. सोडली. मडकं निसटत होतं." त्याचा आवाज अगदी बारीक झाला. "भरलेलं होतं."

"आन मी वरीसभर त्या दोरीला शिव्या घालते!"

मंगळी उंबऱ्यावर मटकन बसली. ती चिडली आहे की काय, कळेना. मग तिचा पदर तोंडाशी गेला आणि खांदे गदगदा हलू लागले. तिला बघून सुकालाही हसू फुटलं, आधी नाकातून, मग डोळ्यांत पाणी येईपर्यंत. दीपिकाच्या छातीवरचं ओझंच उतरलं. आपल्या फिल्ममध्ये काय कमी होतं तेही तिला उमगलं. दोरी तुटल्यावर कोणीही पडेल. तिच्या माणसाने आता दोरीकडे बघायचं, मडक्याकडे बघायचं आणि दोरी सोडायची.

सुका खांबाला धरून उठला. कुंपणापलीकडे चिंतू काट्या बांधत होता. दोघं बरोबर ताडांवर चढायचे, पण वर्षभर सुका त्याचं तोंड चुकवत होता.

"ए चिंतू! इकडं ये, मी कसा पडलो ते बग!"

चिंतू काट्या तशाच टाकून आला. दीपिकाने चटकन फोन मागे घेतला.

"थांबा जरा," ती म्हणाली. "आधी मडकं जोडू दे."