ठकीची तिवई

मित्रांनो, पळसदरीच्या मसणवटीत एक पडकी छपरी आहे. तिच्याखाली उभी असलेली मी एक जुनी तिवई आहे. मयताबरोबर आलेली माणसे थकली की माझ्यावर टेकतात. पण मी त्यांच्यासाठी घडलेली नाही. मला ठकीसाठी घडवले होते.

ठकी ही मालोजीची लेक. लहानपणी तापात तिचे पाय गेले. चांगली जाणती झाली तरी सारवलेल्या जमिनीवर हातांनी फरफटत जाई. कर्जतच्या डॉक्टरने मालोजीला बजावले होते, "हिला काहीतरी धरायला देऊन उभी करा. नाहीतर पाय कायमचे आखडतील."

ते लढाईचे दिवस होते. रानातले लाकूड सरकार लढाईसाठी नेई, त्याला हात लावायची सोय नव्हती. फळी कुठे मिळेना. अशात मालोजीचा बाप वारला. तिकडची रीत अशी, की मयताला प्रत्येक घराने एक ओंडका द्यायचा. ओंडके पुष्कळ जमले आणि तेव्हा आंब्याचा ओंडका असलेली मी उरले. मसणात नेलेले लाकूड परत घरी आणू नये, हे मालोजीला ठाऊक होते. तरी राख सावडून सगळे पुढे गेल्यावर त्याने मला घोंगडीत गुंडाळले. बायकोला, विमलबाईला, तो काही बोलला नाही.

दिवाळीपर्यंत मी माळ्यावर वाळले. मग त्याने मला पडवीत घेतले. तो काही सुतार नव्हता. वाकसाने तासताना त्याचे बोट फुटले. तापल्या सळईने त्याने भोके पाडली, पाय बसवून पाचरी ठोकल्या आणि फुटक्या काचेने मला घासघासून गुळगुळीत केले.

ठकी समोर बसून बघत होती. "बा, चवथा पाय कुठं रं?"

"तीन पायांचं डुगत नाय. उरलेले दोन तुजे, ठके."

पहिल्यांदा ती मला धरून उठली, तेव्हा तिचे गुडघे लटलट कापत होते. मग मला पुढे ढकलायचे नि मागून एक पाय ओढायचा, असे करत ती ओट्यापर्यंत येऊ लागली. तिथे माझ्यावर बसून ती वाल सोली. येणारीजाणारी म्हणत, "मालोजीची पोर उभी राहिली गं!" ते माझे सुखाचे दिवस. फार थोडे होते.

शेजारची कोंडी म्हातारी एकदा ओट्यावर आली. माझ्या बैठकीत एक काळी गाठ आहे. तिच्यावर म्हातारीची नजर खिळली.

"मालोजी, ह्यो आंबा माज्या बांधावरचा हाय. तुज्या बापाला जाळाया दिला व्हता मी, लेकीला बसाया नाय!"

"काकी, पोर उभी ऱ्हाती गं त्याच्यानं."

"आन् मसणातल्या लाकडापायी घरातलं दुसरं पोर कायमचं निजलं म्हंजी?"

विमलबाईचे तान्हे बाळ तापाने फणफणले होते. तिने बाळाला छातीशी धरले आणि नवऱ्याकडे बघितले. "आत्ताच्या आत्ता न्या ती," एवढेच ती म्हणाली.

ठकीने माझा पाय दोन्ही हातांनी धरला. "बा, मी लय काम करीन. पन हिला नको नेऊ रं."

मालोजीने तिची बोटे एकेक करून सोडवली. त्यानेच मला इथे आणून ठेवले. दुसऱ्या दिवशी बाळाचा ताप उतरला. मला न्यायला मात्र कोणी आले नाही.

पुढे दोन पावसाळे गेले. मग एका मयताला मालोजी आला. सगळे पांगल्यावर माझ्यापुढे उकिडवा बसून तो काडीने माझ्या पायाची उंची मोजू लागला. लाकडे रचायला आलेला वाडीवरचा गोमा तेवढा मागे राहिला होता. तो म्हणाला, "आता कशाला मोजतोस रं, दादा?"

"जुन्या गाडीची फळी गावलीय. दुसरी करतो."

"पोर हाय कशी?"

मालोजीने काडीवर नखाने खूण केली. "पाय आखडले, गोमा. आता धरूनबी उठत नाय." मग त्याने ती काडी मोडली आणि राखेत टाकली.

मित्रांनो, कोंडी म्हातारीही त्या दिवशी आली होती. गुडघे धरून ती माझ्यावर बसली होती. इथे माझा विटाळ कुणालाच होत नाही.

माझी एवढीच विनवणी आहे. कुणाच्या हातातला आधार काढून घेण्याआधी त्याला दुसरा द्या. रीत थांबू शकते. वाढत्या लेकराचे पाय थांबत नाहीत. माझे तिन्ही पाय अजून धड आहेत. उरलेले दोन माझ्याकडे पुन्हा आलेच नाहीत.