नाशवंत माल

"घोड्याच्या मांसाखाली?" स्पिरिदोनने तिसऱ्यांदा विचारलं. तालुक्याच्या गावी नवी कवळी बसवायला गेलेला तो तीन आठवडे खराब हवेत अडकून आजच विमानाने परतला होता. रागावायला ती कवळी अजून सरावली नव्हती.

"अर्धं मांसाखाली," फ्रोस्या म्हणाली. "अर्धं माशांखाली, काका."

फ्रोस्या ही दूर उत्तरेतल्या उलाख गावची पोस्टमास्तरीण. सव्वीस वर्षांत तिच्या हातून एक खोकं हरवलं नव्हतं. खोक्यावर 'नाशवंत' असा शिक्का दिसला की ते थेट तिच्या अंगणातल्या बर्फाच्या तळघरात जाई. तिथली जमीन भर उन्हाळ्यातही गोठलेली असे. तिच्या घरच्या मांस-माशांशेजारी लोणी, सॉसेज, एकदा तर लग्नाचा केकसुद्धा तिथे राहिला होता. काही बिघडलंच तर ते उबेने बिघडतं, असं अख्ख्या गावाचं ठाम मत. थंडीनेही काही बिघडू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच येत नसे.

या वेळी खोक्यात सफरचंदाचं रोप होतं.

स्पिरिदोनने ते चौथ्यांदा मागवलं होतं. पहिलं वाटेतच वाळून काटकी होऊन आलं. दुसरं त्याने कौतुकाने चुलीजवळ ठेवलं, ते आठवड्यात मेलं. तिसरं शेजारच्या गायीने खाल्लं, आणि त्या दिवशी तिने दूध जास्त दिलं, असं शेजारीण वर तोंड करून सांगत फिरली. हा सगळा खटाटोप बायकोसाठी. लिदा दक्षिणेची, फळबागांच्या मुलखातली. शाळेत शिकवायला दोन वर्षांसाठी म्हणून आली आणि पंचेचाळीस वर्षं राहिली. आता तिचे गुडघे थंडीला कंटाळले होते. ऑगस्टमध्ये मुलीकडे कायमचं जायचं तिने जाहीर करून टाकलं होतं. "तुला यायचं तर ये," असं नवऱ्यालाही सांगितलं होतं. पण उलाख सोडून स्पिरिदोन जगेल असं कुणालाच वाटत नव्हतं, त्याला तर नाहीच.

"आता तिला थांब म्हणायला माझ्याकडे उरलं काय?" तो म्हणाला, आणि फ्रोस्याला फार वाईट वाटलं.

"मीच सांगते काकूला. चूक माझी आहे."

खोकं काखेत मारून ती निघाली. स्पिरिदोन नाक मुठीत धरून मागे. सगळं ऐकून लिदाने आधी पोटभर हसून घेतलं. मग स्वयंपाकाची सुरी घेऊन रोपाची साल जराशी खरवडली. आत हिरवं होतं.

"झोपलंय," ती म्हणाली. "हे झाड थंडीत झोपतं रे! तू त्याला चुलीजवळ जागं करून मारलंस. आणि ही बया..." तिने फ्रोस्याकडे पाहिलं. "हिने नकळत का होईना, बरोबर केलं. जा, ठेव परत माशांजवळ. जून लागेपर्यंत वर आणू नकोस."

जूनमध्ये रोप लागलं. स्पिरिदोनने त्याला गायच काय, अस्वलही थबकेल असं कुंपण घातलं. महिनाअखेर पाच पानं फुटली. अख्खं गाव येऊन ती मोजून गेलं, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला.

जुलैत लिदा काठी टेकत पोस्टात आली आणि बाकावर बसली. "ती रोपांची पुस्तिका काढ. आणखी एक मागवायचंय."

"आणखी कशाला, काकू?"

"एकट्या झाडाला फळ धरत नाही. जोडीला दुसरं लागतं. एवढंही ठाऊक नाही तुम्हाला?"

फ्रोस्याने फॉर्म भरायला घेतला. पत्त्याच्या रकान्याशी तिचं पेन अडलं. "पुढच्या एप्रिलमध्ये येईल हे." मान वर न करताच तिने विचारलं, "कुठला पत्ता घालू?"

"फळ कितव्या वर्षी येतं म्हणतात?"

"सातव्या," फ्रोस्याने पुस्तिकेत बघून सांगितलं.

"म्हणजे मी अठ्ठ्याहत्तरची." लिदाने खिडकीबाहेर नदीकडे पाहिलं. "इथलाच घाल," ती म्हणाली.

फ्रोस्याने ठळक अक्षरांत 'उलाख' लिहिलं आणि वर शिक्का मारला. लिदा लगेच उठली नाही. कळ जिरेपर्यंत ती गुडघा चोळत बाकावर बसून राहिली.