बंद खात्याचे पासबुक

मित्रांनो, मी एक जुने पासबुक आहे. बीरगांवला राहणाऱ्या सरलाबाई मेश्राम यांच्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या घडीखाली माझी जागा आहे.

सरलाबाईंचे पती दयाराम कारखान्यात कामाला होते. ते वारल्यावर त्यांचे पेन्शन माझ्या खात्यात येऊ लागले. दर महिन्याला सरलाबाई मला पिशवीत घालून बँकेत नेत. नोंद उमटली की शेजारच्या शांताबाईंना दाखवत, "पाय वं, यायचे पैसे आले." 'यायचे' म्हणजे दयारामांचे. तेव्हा मला फार मोठे झाल्यासारखे वाटे.

एका महिन्यात नोंदी छापणाऱ्या यंत्राने मला तसेच कोरे परत केले. खिडकीवरचे बाबू म्हणाले, "माताजी, खाता बंद हो गया. केवायसी नहीं हुआ. नोटीस भेजा था."

"मले तं काहीच भेटलं नाही, भैया. अन् पेन्शन?"

"वापस चला गया."

सरलाबाई तीनदा गेल्या, तीनदा तसेच उत्तर घेऊन आल्या. मधुमेहाच्या गोळ्या संपल्या. त्याहून वाईट म्हणजे पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कुजबुज सुरू झाली, की हिनेच काहीतरी गडबड केली असेल. सरलाबाई किराणा दुकानासमोरून मान खाली घालून जाऊ लागल्या. मला त्यांनी रद्दीच्या ढिगावर ठेवून दिले.

तिथून मला शांताबाईंनी उचलले. त्या सरलाबाईंना घेऊन समता कॉलनीत चेतना नावाच्या वकीलबाईंकडे गेल्या. चेतनाताईंनी माझे पहिले पान उघडले आणि एका ओळीवर बोट ठेवले. तिथे जुना पत्ता खोडून नवा लिहिला होता. शेजारी बँकेचा शिक्का होता, तारीख होती.

"काकू, नोटीस जुन्या पत्त्यावर गेली. नवा पत्ता तर बँकेनंच लिहून घेतला होता! खातं बंद करण्याआधी तुम्हाला कळवायलाच पाहिजे होतं."

"मंग कोर्टात जा लागते का? मले भेव वाटते."

"आधी शाखेला लेखी तक्रार देऊ, पोच घेऊ. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाऊ. तिथे फी लागत नाही. गरज पडली तर ग्राहक आयोग आहेच."

"हव," सरलाबाई म्हणाल्या, आणि तक्रारीवर सही केली.

शाखा तीस दिवस गप्प राहिली. मग माझ्या पहिल्या पानाचा फोटो लोकपालाकडे गेला. त्यानंतरचे महिने कठीण होते. गोळ्या शांताबाई आणून देत.

शेवटी बँकेचे पत्र आले. खाते पुन्हा सुरू झाले होते, अडकलेले पेन्शन मिळणार होते, थोडी भरपाईसुद्धा. पण सरलाबाईंनी पैशांचे विचारलेच नाही. 'चूक आमच्याकडून झाली' ही एकच ओळ त्यांनी चेतनाताईंकडून तीनदा वाचून घेतली. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "हे दुकानवाल्याले दाखवू का?"

त्यांनी खरोखरच दाखवले.

आता त्यांच्याकडे नवे पासबुक आहे आणि मी निवृत्त झाले आहे. मित्रांनो, आमच्यासारखी जुनी कागदपत्रे जपून ठेवा. आणि तुमच्या घरातले कोणी बँकेतून रडवेले होऊन परत आले, तर 'तू काय केलंस?' असे आधी विचारू नका. त्यांना पाणी द्या, शेजारी बसा, आणि पहिल्या पानापासून सगळे नीट वाचा.